हातचं काम व्हिडिओत कसं उतरवायचं? तज्ज्ञ नसलेल्यांसाठी धागा

नलिनी_वाई

नमस्कार मंडळी,

आमची मावशी वाकळ शिवते. जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर, आणि कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे सरकणारा धावदोरा. घरातल्या दोघी भाच्यांना हे शिकायचं होतं. एक पुण्यात, एक बंगळुरूला. सुट्टीत येऊन दोन-चार दिवसांत ते हाताला बसत नाही, म्हणून मी फोनवर मावशीचे व्हिडिओ काढायला लागले. मग शेजारच्या बायकांनी मागितले, त्यांच्या सुनांनी मागितले, आणि हे काम वाढतच गेलं. मी नोकरी करते बँकेत, व्हिडिओचं शिक्षण काहीच नाही. जे हाताला लागलं ते इथे मांडते. तुम्हीही भर घाला.

माझं एक मत आता पक्कं झालंय. आपल्यासारख्यांनी आधी व्हिडिओ कोणासाठी आहे ते ठरवावं, आणि तो माणूस नावानिशी ठरवावा. मी बंगळुरूच्या भाचीसाठी करते. तिला सुईत दोरा ओवता येतो, बटण लावता येतं, पण थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके कुठे घालायचे ते माहीत नाही. एवढं डोक्यात असलं की काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे वेगळं ठरवावं लागत नाही. भाचीशी बोलताना आपण 'माझ्या चॅनलवर तुमचं स्वागत आहे, सबस्क्राइब करा, घंटी दाबा' असं म्हणत नाही ना? मग व्हिडिओतही नको. गंमत म्हणजे एका भाचीसाठी केलेला व्हिडिओ अनोळखी बायकांनाही नीट कळतो. सगळ्यांसाठी म्हणून केलेला मात्र पसरट होतो.

त्याच्या खालोखाल आवाज. चित्र जरा हललं, जरा अंधारलं, तरी माणूस बघत राहतो. बोलणं कळेनासं झालं की लगेच बंद करतो. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर असेल तर आवाज चांगला येतो. लांब गेला की मावशी कमी आणि खोली जास्त ऐकू येते. मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. आम्ही माजघरात बसतो, कारण तिथे अंथरुणांची चळत आहे, पडदा आहे, खाली सतरंजी आहे. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, फोन विमान मोडवर. कॉलरला लावायचा वायरवाला माइक काही शे रुपयांत मिळतो आणि या सगळ्या खटाटोपात पैसे घालायचेच असतील तर त्यावर घालावेत. तोही नको असेल तर घरातला दुसरा फोन रेकॉर्डर चालू करून मावशीच्या मांडीजवळ ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. नंतर दोन्ही जुळवताना हात एकमेकांना लागल्याचं चित्र आणि टाळीचा आवाज एका जागी आणले की पुढचं सगळं आपोआप जुळतं.

उजेडाला खिडकी पुरते. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो, समोरून आली की डोळे मिचमिचे होतात, म्हणून बाजूने घ्यावी. मावशी उजव्या हाताने शिवते, तर खिडकी तिच्या डावीकडे. नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावरच पडते. पांढरं लुगडं समोर आलं की फोन सगळं चित्र काळवंडून टाकतो. त्यासाठी स्क्रीनवर हव्या त्या जागी बोट दाबून धरायचं. उजेड आणि फोकस तिथेच बांधला जातो आणि मग मधूनच कमीजास्त होत नाही. आणि रेकॉर्डिंगआधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसायची. खिशातल्या, पर्समधल्या फोनची लेन्स तेलकट असतेच.

चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी करते. एक कृती, एक तुकडा. फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवून ठेवते, हातात धरत नाही. दोन बोटांनी झूम करत नाही, फोनच उचलून जवळ नेते. एडिटिंग म्हणजे नुसती काटछाट, तुकड्याचं पुढचं-मागचं कापायचं आणि जोडायचं. पार्श्वसंगीत अजिबात नाही. सुई लुगड्याच्या पाच थरांतून जाते तेव्हा बारीक करकर होते, ती ऐकून शिवणाऱ्याला कळतं की सगळे थर पकडलेत की वरचेच दोन. त्यावर बासरी कशाला?

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मावशीचा डावा हात वाकळेच्या खाली असतो. सुईचं टोक खालून बोटाला लागलं की ती सुई वर वळवते. सुईवर चार-पाच टाके भरतात, मग दोरा ओढते. सगळी करामत त्या खालच्या बोटात आहे आणि ते समोरून दिसतच नाही. कोणाला काही सुचतंय का?


चैतन्य_क

छान धागा नलिनीताई. वाचनखूण साठवली. रिंग लाइट घ्यावा का? आणि एडिटिंगला कुठलं अ‍ॅप वापरता?


नलिनी_वाई

रिंग लाइट चेहऱ्यासाठी बरा, हातकामाला नाही. समोरून सपाट उजेड पडला की टाक्याचा उंचवटा दिसत नाही. बाजूच्या उजेडात प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि शिवण वाचता येते.

फोनवर तुकडे कापायला गॅलरीतलंच साधन वापरते. जोडायला लॅपटॉपवर शॉटकट. फुकट आहे, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.


रानमाणूस_राजापूर

नलिनीताई, तुमच्या अडचणीचं उत्तर आमच्या कलमांत आहे.

मी आंब्याचं कोय कलम बांधण्याचे, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडण्याचे व्हिडिओ काढतो. आमच्याकडे गडी मिळत नाहीत, आणि नवीन पोरांना दरवर्षी पहिल्यापासून दाखवायचं म्हणजे हंगामच निघून जातो. आधी समोर बसून काढायचो. पोरं बघायची आणि पाचर उलट्या हाताने धरायची. कारण समोरून बघताना डावं उजवं होतं आणि उजवं डावं. मग मी बांधणाऱ्याच्या मागे उभा राहून, त्याच्या उजव्या खांद्यावरून फोन खाली रोखून काढायला लागलो. आता बघणाऱ्याला स्वतःचेच हात दिसल्यासारखे दिसतात. हातकामाचा कुठलाही व्हिडिओ असाच काढावा असं माझं ठाम मत आहे. चेहरा सुरुवातीला एकदा दाखवा, पुढे फक्त हात.

कोय कलमात रुजवा, म्हणजे कोयीतून उगवलेलं रोप, अगदी कोवळा लागतो, पानं अजून तांबूस असलेला, दहा-पंधरा दिवसांचा. वरची काडी तेवढ्याच जाडीची. रुजव्याला मधोमध चीर, काडीला दोन्ही बाजूंनी उतरता छाट, आणि पाचर बसवली की साल सालीला लागली पाहिजे, किमान एका बाजूने तरी. ही साल जुळल्याचं दाखवण्यासाठी मी पट्टी गुंडाळण्याआधी फोन वीतभर अंतरावर नेऊन चार-पाच सेकंद काहीही न बोलता थांबतो. बघणारा तिथेच व्हिडिओ थांबवून बघतो. पोरांनी मला स्वतः सांगितलं, काका, ते थांबता ते बरं.

तुमच्या खालच्या बोटासाठी: वाकळेची कड जिथे मांडीवरून लोंबते तिथे मावशींना शिवायला बसवा, फोन जमिनीवर पाठीवर झोपवून ठेवा आणि कड जरा उचलून धरा. नाहीतर कडेचा दोनच थरांचा लहान तुकडा उभ्या चौकटीवर ताणून दोन्ही बाजूंनी काढा.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. बागेत वारा थेट माइकवर फुरफुरतो आणि तो आवाज मागाहून काढता येत नाही. माइकवर स्पंजची टोपी घालायची. वारा जास्त असेल तर बोलूच नये, फक्त काम दाखवावं आणि बोलणं रात्री घरात बसून वेगळं रेकॉर्ड करावं.


नलिनी_वाई

काका, खांद्यावरून काढायचं मनावर घेतलं! आणि चौकटीवर ताणलेला तुकडा ही कल्पना तर मावशीलाच आवडली. म्हणाली, भरतकामाची रिंग आहे की घरात.


जुनाजाणता

विरोधी मत मांडतो, राग नसावा. प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ का करायचा? लिहिलेलं चटकन शोधता येतं, हवं तेवढंच वाचता येतं, छापून भिंतीला लावता येतं. कलमाला किती दिवसांचा रुजवा हे एका ओळीचं काम आहे. त्यासाठी पोराने बारा मिनिटं बघायचं आणि ते नेमकं आठव्या मिनिटाला येणार. आपल्याकडे कृती लिहून ठेवायची सवय आधीच कमी, त्यात फोन हातात आला आणि उरलीसुरली गेली.


नलिनी_वाई

राग कसला, निम्मं पटलंच आहे. आकडे, मापं, साहित्य हे लिहूनच द्यावं. मी व्हिडिओखालच्या वर्णनात सगळं मराठीत टाइप करते: किती लुगडी, कितव्या नंबरची सुई, दोरा कुठला. आणि कुठल्या मिनिटाला काय आहे त्याची यादीही देते. यूट्यूबवर ही यादी ०:०० पासून सुरू केली, किमान तीन नोंदी ठेवल्या आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा असला, की व्हिडिओच्या पट्टीवर आपोआप प्रकरणं पडतात. मग आठव्या मिनिटाचं थेट आठव्या मिनिटाला जाऊन बघता येतं.

पण खालचं बोट सुईला कसं भेटतं हे लिहून सांगता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय, भाचीला काहीच बोध झाला नाही. जे लिहून सांगता येतं त्याचा व्हिडिओ करू नये हे मात्र मान्य.


जुनाजाणता

हे ठीक आहे. वर्णनात लिहिणार असाल तर माझी तक्रार मागे.


श्रीरंग_डोंबिवली

ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली सरकताना दिसतात, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विजेचं काम करतो, त्यामुळे कारणासकट.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० चित्रं घेतो, कारण ज्या देशांत वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ते बरोबर बसतं. ३० आणि १०० यांचं गणित जुळत नाही, मग प्रत्येक चित्रात दिवा वेगळ्या क्षणी सापडतो आणि पट्टे सरकताना दिसतात.

उपाय सोपा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं निवडता आली तर ती निवडा. आयफोनवर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 'पाल फॉरमॅट दाखवा' असा पर्याय आहे, तो चालू केला की २५ दिसायला लागतं. अँड्रॉइडवर बऱ्याच फोनांत प्रो मोड असतो, त्यात शटर (प्रत्येक चित्र टिपायला लागणारा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधा. यातलं काहीच नसेल तर दिवा बंद करून खिडकीशी जा. चांगल्या बनावटीच्या एलईडीत हा त्रास होत नाही, स्वस्तातल्या एलईडीत ट्यूबपेक्षाही जास्त होतो.


चैतन्य_क

श्रीरंगदादा, जबरदस्त! आमच्या किचनमधल्या प्रत्येक व्हिडिओत हे पट्टे आहेत. मला वाटत होतं फोन बिघडला.


टाळकरी

आमच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ मी टाकतो. दर गुरुवारचं भजन, आणि आषाढीला जाता येत नाही अशा म्हाताऱ्या मंडळींसाठी एकादशीचं कीर्तन. एक गोष्ट इथे सगळ्यांना सांगावीशी वाटते, कारण ती कळली नाही म्हणून अनेक मंडळांनी घाबरून व्हिडिओ काढून टाकलेत.

तुकोबांच्या, ज्ञानोबांच्या शब्दांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. पण एखाद्या कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेवर आहे, आणि त्यातली चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर चालीवरही आहे. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण असतं. मांडवात मागे लाउडस्पीकरवर कॅसेट चालू असली आणि ती आपल्या व्हिडिओत आली, तरी यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते.

मग जो निरोप येतो त्याचे दोन प्रकार आहेत. एक दावा. त्याने खात्याला काही होत नाही. बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो आणि जाहिरातीचे पैसे असले तर हक्कदाराकडे जातात, काही वेळा व्हिडिओ काही देशांत किंवा सगळीकडेच दिसेनासा होतो. यूट्यूब स्टुडिओत जाऊन तेवढ्या भागाचा आवाज बंद करता येतो. दुसरा प्रकार स्ट्राइक. तो गंभीर. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. निरोप नीट वाचा, दावा आहे की स्ट्राइक ते बघा, मग पुढचं ठरवा.

आम्ही आता पारंपरिक चालीच घेतो. मंडळातल्या बुवांना वडिलांकडून आलेल्या चाली आहेत, त्या कुठल्याच मुद्रिकेत नाहीत. त्या नोंदल्या जातात हा मला मोठाच लाभ वाटतो.


कावेरी_जोगळेकर

टाळकरी, शेवटच्या ओळीसाठी विशेष आभार. 'जात्यावरच्या ओव्या' प्रकल्प बघितला आहे का? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत. तिथे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदलेलं आहे. आपणही निदान तेवढं करावं. रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी स्पष्ट आवाजात नाव, गाव, तारीख, आणि ही चाल किंवा हे काम कोणाकडून आलं ते बोलून घ्यावं. फाइलचं नाव बदलतं, वर्णन पुसलं जातं, पण आवाजात आलेलं आत राहतं. माझ्या आजेसासूबाईंच्या गाण्यांच्या कॅसेट आहेत आमच्याकडे. आवाज खणखणीत आहे, पण सोबत गाणाऱ्या दुसऱ्या बाई कोण, हे सांगणारं आता कोणी नाही.


मेघना_टीचर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रयोगांचे व्हिडिओ करते, पाण्याची घनता, लोलक वगैरे. मुलांबद्दल थोडं कळकळीने सांगते.

मुलांचे चेहरे दाखवायचे असतील तर पालकांची संमती लेखी घ्या. तोंडी 'हो मॅडम' पुरत नाही, कारण व्हिडिओ कुठवर जातो याची कल्पना पालकांना बहुतेक वेळा नसते, ती आपण द्यायची. फोन त्यांच्या हातात देऊन दाखवा की गावाबाहेरचा कोणीही हे बघू शकतो. मग विचारा. मी बहुतेक वेळा मुलांचे हात आणि आवाजच घेते. गणवेशावरचं शाळेचं नाव, मागच्या फळ्यावरची हजेरी, हेही चौकटीत येऊ देत नाही.

यूट्यूबवर टाकताना 'हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का' असं विचारतात. तिथे खरं तेच सांगायचं. मुलांसाठी आहे म्हटलं की प्रतिक्रिया आपोआप बंद होतात. मला तर ते सोयीचंच वाटतं. पण माझा व्हिडिओ इतर शिक्षकांसाठी असेल, प्रयोग वर्गात कसा घ्यावा याबद्दल असेल, तर तो मुलांसाठी नाही असंच निवडते आणि चर्चा चालू ठेवते.


सुहास_२

मला पब्लिक काहीच करायचं नाही. आई पुरणपोळी करते ते फक्त बहिणींना आणि मावसभावंडांना पाठवायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की पार धुरकट होतो. काय करावं?


नलिनी_वाई

दोन रस्ते आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा. मग तो दाबला जात नाही, जसाच्या तसा जातो. २ जीबीपर्यंतची फाइल चालते. पण समोरच्याच्या फोनमध्ये जागा लागते आणि घरातल्या ज्येष्ठांचे फोन आधीच भरलेले असतात.

दुसरा रस्ता, यूट्यूबवर टाकताना 'अनलिस्टेड' निवडा. शोधून सापडत नाही, फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसतो. ग्रुपवर लिंक टाकली की झालं, नेटच्या वेगाप्रमाणे चित्र कमीजास्त होतं आणि कोणाचा फोन भरत नाही. मात्र लिंक कोणी पुढे पाठवली तर पुढचाही बघू शकतो, हे आईंना आधी सांगा. अगदीच घरगुती असेल तर 'प्रायव्हेट' करून ईमेलने निवडक माणसांना परवानगी देता येते, पण त्यांना लॉगिन करावं लागतं आणि मावश्या तिथेच अडतात. मी अनलिस्टेडच वापरते.

फोन नंबरने खातं पडताळून घ्या. न पडताळलेल्या खात्यावर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, आणि पुरण शिजायला तेवढा वेळ सहज लागतो.


रानमाणूस_राजापूर

जोडीला एक: फोन आडवा धरा. उभा किंवा चौरस आणि तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ यूट्यूब 'शॉर्ट्स'मध्ये टाकतं. त्यात मागे-पुढे करणं, थांबून बघणं अवघड जातं. शिकण्यासाठीचा व्हिडिओ आडवाच हवा. गावाकडे नेट मंद असेल तर पहाटे अपलोड लावावा. आमच्याकडे संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते, पहाटे चहा होईपर्यंत व्हिडिओ चढलेला असतो. आणि चढल्याचढल्या चित्र धुरकट दिसलं तर घाबरून पुन्हा चढवू नका. आधी कमी दर्जाचं तयार होतं, चांगलं नंतर येतं.


अनघा_हँबुर्ग

बघणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. माझी मुलं इथे मराठी शाळेत जातात. आठवड्याला एक तास. भाषा घरात ऐकतात, पण आजीकडे बसून काम बघणं त्यांच्या वाट्याला येत नाही. तुमचे असे व्हिडिओ आम्ही खरोखर शोधत असतो आणि सापडतात ते बहुतेक घाईचे, संगीत भरलेले, अर्धे हिंदी-इंग्रजी. लोकांना वाटतं की परदेशातल्या मुलांसाठी सोपं, शुद्ध बोलावं लागेल. नको. मावशी जशी बोलते तशीच बोलू दे. 'आगं ते धडपं इकडं घे की' हे माझ्या मुलीला पहिल्यांदा कळलं नाही. तिने परत लावलं, मला विचारलं, आता ती घरात तेच म्हणते.

एकच विनंती. शीर्षक देवनागरीत तर द्याच, पण वर्णनात तेच रोमन लिपीतही लिहा. इथे वाढलेली तरुण मंडळी तसंच टाइप करून शोधतात. आणि जमलं तर मराठी उपशीर्षकं, म्हणजे सबटायटल्स. यूट्यूब स्टुडिओत स्वतः टाइप करून देता येतात. ऐकू कमी येणाऱ्यांना आणि भाषा शिकणाऱ्यांना, दोघांनाही.


नलिनी_वाई

अनघा, हे वाचून खूप बरं वाटलं. उपशीर्षकं मी जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठीत बोलून टाइप करते, मग दुरुस्त करते. मावशीची भाषा त्याला नीट समजत नाही, म्हणून तिचं वाक्य ऐकून मीच परत बोलते.


चैतन्य_क

व्ह्यूज वाढत नाहीत त्याचं काय? आमच्या व्हिडिओंना ओळखीचे सोडून कोणी येत नाही. पैसे मिळायला किती लागतात?


श्रीरंग_डोंबिवली

जाहिरातीतून वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. ते गाठायला लोक दर आठवड्याला काहीतरी टाकत सुटतात आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही. ज्यांना ते जमतं त्यांचं कौतुकच आहे. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं 'आपली आजी' चॅनल बघा. चुलीपुढची आजी आणि सोबत नातू. लाखो लोकांनी ते आपलंसं केलं ते तिच्या हाताच्या चवीसाठी आणि बोलण्यासाठी.

त्याच चॅनलवरून आणखी एक धडा घ्यावा. २०२० मध्ये ते हॅक झालं होतं, काही दिवसांनी परत मिळालं. चॅनल लहान असो की मोठं, खात्याला दुहेरी पडताळणी आजच लावा. जाहिरात देतो म्हणून फाइल उघडायला सांगणारे ईमेल उघडू नका.


टाळकरी

व्ह्यूजबद्दल माझं म्हणणं. आमच्या कीर्तनाला आकडा लहानच असतो. पण मंडळातले एक आजोबा अंथरुणाला खिळलेत, त्यांची सून दर गुरुवारी त्यांना लावून देते. ते तोंडाने पुटपुटत साथ करतात. चैतन्य, तुमचे ओळखीचे येतात म्हणता, तर त्यांना विचारा की कुठे कंटाळा आला, काय कळलं नाही. अनोळखी हजार माणसं हे सांगत नाहीत.


कावेरी_जोगळेकर

नलिनीताई, कॅमेरा लावला की आमच्या सासूबाई एकदम पाठ्यपुस्तकातलं बोलायला लागतात. एरवी इतक्या छान बोलतात. तुमच्या मावशी मोकळ्या कशा बोलतात?


नलिनी_वाई

मी त्यांना फोनकडे बघायला सांगत नाही. समोर शिकणारी एक बाई बसवते. आमच्याकडे शेजारची सुप्रिया बसते, तिला खरंच वाकळ येत नाही. ती मध्येच विचारते, "मावशी, इथे गाठ मारू का?" मावशी म्हणते, "गाठ नको गं बाई, गाठ टोचते झोपणाऱ्याला, दोरा मागं फिरव दोनदा." असं वाक्य मी लिहून दिलं असतं तर आलं नसतं. फोन आधीच चालू करून ठेवायचा, चहापाणी, गप्पा होऊ द्यायच्या. पहिली दहा मिनिटं नंतर कापून टाकायची. आणि सासूबाईंना आधी विचारा, दाखवून विचारा, झाल्यावरही पूर्ण व्हिडिओ त्यांना दाखवल्याशिवाय कोणाला पाठवू नका. मावशीने एका तुकड्यात तिच्या जावेबद्दल काही बोललं होतं, ते तिने स्वतः काढायला लावलं.


सुहास_२

आईचा काढला. खांद्यावरून, खिडकीशी, पंखा बंद. बहिणी म्हणतात, कणीक किती सैल ते पहिल्यांदाच दिसलं. मूळ फाइली मात्र फोनमध्ये मावत नाहीत. डिलीट करू का? यूट्यूबवर आहेच की.


नलिनी_वाई

करू नका! यूट्यूबवरचा व्हिडिओ दाबलेला असतो, तिथून परत उतरवलेला मूळ दर्जाचा मिळत नाही, आणि खातं गेलं तर तोही गेला. पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, न कापलेले सगळे तुकडे तिच्यावर ठेवा, फोल्डरला तारीख, नाव आणि काम मराठीत लिहा. शक्य असेल तर दुसरी प्रत बहिणीकडे ठेवा, वेगळ्या घरात. कापलेल्या तुकड्यांतच पुढे काहीतरी सापडतं. रानमाणूसकाकांनी सांगितल्यावर मी जुने तुकडे पुन्हा पाहिले, तर एकात मावशीने वाकळ झटकायला उचलली आहे आणि तिची उलटी बाजू दोन-तीन सेकंद नीट दिसते. ते थांबवून भाचीला पाठवलं.